पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी त्यांनी मुंबई-पुण्यात शारदा सदन आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन या संस्था स्थापन केल्या. इ.स. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी समाजात त्यांच्या कार्याची चर्चा बहुधा स्त्रीशिक्षण आणि धर्मांतर या दोन बाजूंनी होते. त्यांच्या चरित्राला तिसरीही एक बाजू आहे. श्रद्धाळू माणसांच्या वाट्याला दुःख का येते आणि श्रद्धा न ढळताही ते का संपत नाही, हा प्रश्न त्यांना ऐन तारुण्यात दुष्काळात पडला आणि आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिला.

घराणे आणि बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील होते. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला शास्त्रीबुवा संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही पत्नीला शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. तिच्या निधनानंतर तीर्थयात्रेत असताना गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह सुमारे नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी झाला, आणि या वेळी त्यांनी आपला हेतू तडीस नेला. स्त्रीला देवभाषा शिकवल्याबद्दल त्यांना उडुपी येथील विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. तेथे त्यांनी धर्मग्रंथांतील आधार देऊन आपली बाजू मांडली.

लोकांच्या बोलण्यापासून दूर राहण्यासाठी अनंतशास्त्रींनी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात घर बांधले. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. घरी विद्यार्थी राहत आणि यात्रेकरूंचा राबता असे. या आतिथ्यात जमीनजुमला गेला, कर्ज झाले, आणि रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब यात्रेला निघाले. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवले होते. पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब देवळांत आणि घाटांवर पुराणे सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर जगले. अनंतशास्त्री थकले होते, म्हणून रमाबाईंना संस्कृत शिकवण्याचे काम आईने केले. पहाटे इतरांची जाग होण्यापूर्वी हे पाठ चालत. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

थोरली बहीण कृष्णाबाई हिचे लग्न रीतीप्रमाणे लहानपणी लावून दिले होते आणि ते दुःखद ठरले. त्यामुळे रमाबाईंचे लग्न लवकर करायचे नाही असे आईवडिलांनी ठरवले. त्या काळी हा निर्णय लोकविलक्षण होता.

दुष्काळ आणि आईवडिलांचा मृत्यू

इ.स. १८७० च्या दशकाच्या मध्यावर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब दक्षिणेतील तीर्थक्षेत्रांत हिंडत होते. या काळाची हकिकत रमाबाईंनी पुढे इ.स. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात सविस्तर सांगितली आहे. कुटुंबाने धर्मशास्त्रात सांगितलेले सारे काही केले होते. व्रते, उपवास, तीर्थस्नाने, नामजप, मूर्तींना प्रदक्षिणा यांत कसूर नव्हती. देव प्रसन्न होऊन द्रव्य देतील या श्रद्धेने उरलासुरला पैसा ब्राह्मणांना दान केला गेला. मग दागिने गेले, पाठोपाठ चांदीची आणि तांब्यापितळेची भांडी गेली, आणि त्यांची किंमतही दानधर्मातच खर्च झाली. अंगमेहनतीची कामे कोणालाच येत नव्हती आणि भीक मागणे विद्वान ब्राह्मणाच्या अभिमानात बसत नव्हते. अन्न संपले तेव्हा त्यांच्याजवळ शास्त्राचे ज्ञान तेवढे शिल्लक होते.

तिरुपतीजवळच्या रानात त्यांनी अकरा दिवस पाला आणि रानफळांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले आणि सर्वांचा निरोप घेतला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखवली आणि वडिलांना परावृत्त केले. पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री वारले. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सन्मार्गाने चालण्याचा आणि देवाची सेवा करण्याचा उपदेश केला व तिला देवाच्या हाती सोपवले. या निरोपाचा उल्लेख रमाबाई पुढे आयुष्यभर करीत.

काही महिन्यांतच आई रायचूरजवळ वारली. तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. अखेर रमाबाईंनी स्वतः खांदा दिला, पण त्यांची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान काही मैल दूर होते. त्यानंतर बहीणही गेली, आणि श्रीनिवास व रमाबाई दोघेच उरले.

या प्रसंगांचा रमाबाईंच्या विचारांवर झालेला परिणाम पुष्कळदा सोपा करून सांगितला जातो. दुष्काळात आईवडील गेले, म्हणून मुलीचा धर्मावरचा विश्वास उडाला, असा तो सारांश असतो. प्रत्यक्षात ही भावंडे त्यानंतर सुमारे तीन वर्षे तीर्थक्षेत्रेच हिंडत होती आणि शास्त्रात सांगितलेले नेमही पाळत होती. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. श्रद्धा एका घावात तुटली नाही, ती चालता चालता झिजत गेली. ज्या देवांना सर्वस्व दिले त्यांनी उत्तर दिले नाही, एवढे त्यांच्या ध्यानात आले. हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ असावे हे पारंपरिक समाधान त्यांना ठाऊक होते, पण पुरेसे वाटेनासे झाले.

कलकत्ता, आसाम आणि वैधव्य

इ.स. १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्याचा आग्रह करून वेदाची प्रत भेट दिली. व्याख्यानांच्या निमित्ताने धर्मशास्त्राचे वाचन वाढले, तशी एक गोष्ट रमाबाईंना खुपू लागली. परस्परांशी सहसा सहमत नसलेले ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांच्या अनधिकाराबाबत मात्र एकमुखी होते. दुष्काळात पडलेला प्रश्न आता रुंदावला. भक्ताची हाक देव ऐकतो का, याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहिला. हाक मारण्याचा अधिकार तरी सर्वांना आहे का?

मे १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवास आजारी पडून वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे मित्र बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधवी ब्राह्मणेतर असल्याने या आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाहावर दोन्हीकडून बहिष्कार पडला. दांपत्य आसामातील सिल्चर येथे राहू लागले. तेथे घरातील ग्रंथसंग्रहात रमाबाईंच्या हाती बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची पुस्तिका पडली आणि एका मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलची अधिक माहिती करून घेतली. बाप्तिस्म्याचा विचार पतीला रुचला नाही. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधवी पटकीने वारले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती.

पुणे आणि इंग्लंड

तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई इ.स. १८८२ मध्ये पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. पुस्तकाच्या उत्पन्नातून त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता.

ते वर्षही दुःखाचे ठरले. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकाचा बेत रमाबाईंना सोडून द्यावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे चित्पावन कुळातील धर्मांतरित विद्वान नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांच्याशी झालेली चर्चा, जिने त्यांच्या बौद्धिक शंकांचे निरसन केले. दुसरी, आणि त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार अधिक खोल, लंडनमधील फुलहॅम येथे पाहिलेली संस्था. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे भगिनी सन्मानाने वागवत होत्या. याचे कारण विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकवण्यात आली. वाळीत पडलेल्या बाईकडे पाणी मागणारा देव रमाबाईंना पोथ्यांत भेटला नव्हता. धर्मांतरासाठी त्यांना पटलेले कारण सुखाच्या आश्वासनाचे नव्हते, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या आणि पुष्कळदा चाहत्यांच्याही नजरेतून निसटते.

नव्या धर्मातही त्या आज्ञाधारक अनुयायी झाल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार आणि मनोरमेचे संगोपन यांवरून भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वादाने भरलेला आहे. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि संस्कृत शिकवले. धर्मांतरावरून पुण्यात गहजब झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी इ.स. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून त्यांची बाजू घेतली.

शारदा सदन

इ.स. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले (१८८७) आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन मिळवले. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले गेले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेचा विवाह इ.स. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला.

सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, पण रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला मुली येऊन बसत. त्यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. इ.स. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना स्वतःची कारणे होती. सुधारकांना स्त्रीशिक्षणाचे काम धर्मांतराच्या संशयाने बुडेल ही भीती होती. रमाबाईंना आपल्या खोलीचे दार आपणच बंद करावे हे मान्य नव्हते.

मुक्ती सदन

इ.स. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येताच रमाबाई तेथे गेल्या. मदतकेंद्रांत आणि अनाथ मुलींच्या बाजारात त्यांनी जे पाहिले, त्याने वीस वर्षांपूर्वीचे रान त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले, असे त्यांनी नमूद केले आहे. तोवर शारदा सदन हे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचे होते. आता जातीचा विचार न करता मुली आणल्या गेल्या आणि त्यांची संख्या सुमारे तीनशेवर गेली. प्लेगमुळे त्यांना पुणे शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली, तेव्हा आधी विकत घेतलेल्या केडगावच्या माळरानावर तंबू ठोकले गेले. मुक्ती सदनाची सुरुवात अशी झाली. पुण्यातील प्लेग रुग्णालयात भारतीय स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारवर उघड टीकाही केली.

इ.स. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील स्त्रिया-मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. आणलेल्यांपैकी पुष्कळ जणी उपासमारीने इतक्या खंगलेल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना प्रथम खाणे, अंघोळ आणि झोप यांचीच घडी बसवावी लागली. विहिरी खोदल्या गेल्या, शेती, तेलघाणा, विणकाम, दुग्धशाळा आणि छापखाना सुरू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. उपासमारीत एका शास्त्र्याच्या कुटुंबाला कोणतेच हातकाम येत नव्हते, ही आठवण ध्यानात घेतली तर मुक्तीत प्रत्येक मुलीला हातकाम शिकवण्यामागचा आग्रह उलगडतो.

अमेरिकी असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपल्यानंतर रमाबाई जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांच्या संस्थांच्या उदाहरणावरून, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून संस्था चालवण्याच्या मार्गाकडे वळल्या. इ.स. १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक पुनर्जागरणाची मोठी लाट आली. रात्रंदिवस प्रार्थना, रडणे, पापकबुली असे तिचे स्वरूप होते. ख्रिस्ती जगतात तिची ख्याती झाली, पण सुशिक्षित मराठी समाजात रमाबाईंविषयीचा दुरावा वाढला. उपाशी मुलींना आसरा देऊन धर्म देणे कितपत न्याय्य, हा आक्षेपही घेतला जाई आणि आजही अभ्यासक तो चर्चेला घेतात.

ईश्वर आणि दुःख यांविषयीची भूमिका

या प्रश्नावर रमाबाईंनी स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला नाही. त्यांची भूमिका आत्मनिवेदन आणि कृती यांतून एकत्र करावी लागते. धर्मांतरानंतर काही वर्षांनी, इ.स. १८९१ च्या सुमारास, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त आपल्याला सापडला नव्हता, असे त्यांच्या लक्षात आले. बाप्तिस्म्याने शांती मिळेल या अपेक्षेत त्यांना आईवडिलांच्याच जुन्या हिशेबाची छाया दिसली. विधी केला, आता फळ मिळावे, असा तो हिशेब होता. त्यानंतर त्यांनी श्रद्धेला विनामूल्य मिळालेली देणगी मानले. देणगीचा मोबदला देता येत नाही, तशी तिच्या बदल्यात संकटमुक्तीची मागणीही करता येत नाही, असा याचा अर्थ त्यांच्या पुढील जीवनात दिसतो.

येथे एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. मुक्तीत अन्न वा पैसा वेळेवर आला की रमाबाई त्याला प्रार्थनेचे उत्तर म्हणत. मग ज्या मुली वाचल्या नाहीत त्यांचे काय, किंवा तिरुपतीच्या रानात तितक्याच कळवळ्याने केलेल्या प्रार्थनांचे काय, याचे उत्तर त्यांच्या लेखनात मिळत नाही. आईवडिलांच्या भक्तीची त्यांनी कधी चेष्टा केली नाही. त्यांनी ती ज्यांना वाहिली त्या दैवतांना नाकारले. वडिलांनी मरताना आपल्याला ज्या देवाच्या हाती सोपवले, त्यानेच आपल्याला पुढे वाट दाखवली, असे त्या मानत. मृत्यूसमयीच्या त्या शब्दांना त्यांनी वाया जाऊ दिले नाही.

बायबलचे भाषांतर आणि अखेर

इ.स. १९०४-०५ च्या सुमारास रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी या भाषा त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून बाजूला ठेवावेत, हे या प्रकल्पाचे विशेष आहे. मूळाशी शब्दशः एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना मात्र अनेक ठिकाणी अवघड झाली आणि हे भाषांतर फारसे प्रचारात आले नाही. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली.

इ.स. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. तोवर त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते आणि मुक्तीचा कारभार मनोरमाबाईंकडे आला होता. त्याच पुढे संस्था चालवतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई वारल्या. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर रमाबाईंचे हे शेवटचे रक्ताचे माणूस होते. त्यांनी मुक्तीची पुढील व्यवस्था लावली आणि भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. हे काम संपेपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती आणि शेवटचे मुद्रित तपासून झाल्यावरच त्यांनी प्राण सोडला, अशी आख्यायिका मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल इ.स. १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

भारतीय टपाल खात्याने इ.स. १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.